विश्लेषण : उपकेंद्राच्या आवारात थांबलेले महाकाय रोहित्र... वापराआधीच ते ओलाव्याने का म्हातारे होते?

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या राष्ट्रीय पारेषण आराखड्यानुसार २०२२-२३ ते २०३१-३२ या दहा वर्षांत देशात २२० किलोव्होल्ट आणि त्यावरील उपकेंद्रांत सुमारे १,२७० जीव्हीए इतकी रोहित्र क्षमता नव्याने उभी राहायची आहे. त्यासाठी शेकडो मोठी रोहित्रे (पॉवर ट्रान्सफॉर्मर) कारखान्यांतून निघतील. त्यातली कित्येक थेट जोडली जाणार नाहीत. कुठे पाया तयार नसतो, कुठे वाहिनी रखडलेली असते, तर कुठे यंत्र राखीव म्हणूनच घेतलेले असते. अशी रोहित्रे महिनोन् महिने आवारात उभी राहतात. बाहेरून ती धडधाकट दिसतात. पण जोडणीआधीच्या या काळात ओलावा आत शिरला, तर ३०-३५ वर्षे चालायच्या यंत्राचे आयुष्य वीजप्रवाह सुरू होण्यापूर्वीच घटू लागते. साठवणुकीकडे ‘वस्तू पोहोचली, काम झाले’ अशा नजरेने पाहण्याची सवय म्हणूनच महाग पडते.

पाणी नेमके कुठे लपते?

मोठ्या रोहित्राच्या पोलादी टाकीत लोखंडी गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या गुंडाळ्या असतात. त्या गुंडाळ्यांवर क्राफ्ट कागदाचे वेष्टन आणि मध्ये पुठ्ठ्याचे अडसर असतात. हा कागद-पुठ्ठा आणि त्यात मुरलेले खनिज तेल मिळून विद्युतरोधन होते. कागद म्हणजे शेवटी लाकडाचा लगदा, आणि तो हवेतले पाणी टिपकागदासारखा ओढून घेतो. म्हणून कारखान्यात गाभा व गुंडाळ्यांचा संपूर्ण सांगाडा निर्वात भट्टीत ठेवून केरोसिनसारख्या द्रावकाच्या गरम वाफेने वाळवला जातो. कागदातील पाणी त्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आल्यावरच तो टाकीत उतरवतात.

हा अर्धा टक्का किती महत्त्वाचा, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एका रोहित्रात १० टन कागद-पुठ्ठा आणि ६० टन तेल आहे. अर्धा टक्का ओलावा म्हणजे कागदात ५० किलो पाणी. तेच प्रमाण दोन टक्क्यांवर गेले की २०० किलो, म्हणजे एक पिंप भरेल एवढे. याउलट तेलातील पाणी १० पीपीएम असेल, तर ६० टनांत ते जेमतेम ६०० ग्रॅम भरते. सगळा साठा कागदात असतो आणि तेलात केवळ त्याची चाहूल लागते. त्यामुळे फक्त तेल गाळून, त्याची चाचणी उत्तीर्ण करून रोहित्र ‘कोरडे’ ठरवणे फसवे ठरू शकते. तेल स्वच्छ होते, पण काही दिवसांनी कागद पुन्हा त्यात पाणी सोडू लागतो.

थोड्याशा पाण्याने एवढे काय बिघडते?

तीन गोष्टी बिघडतात. पहिली, कागदाचे वय. ओलाव्याचे प्रमाण दुप्पट झाले की कागदाचे यांत्रिक आयुष्य साधारण निम्मे होते, हा या क्षेत्रात अनेक दशके वापरला जाणारा ठोकताळा आहे. कागद ठिसूळ झाला की वाहिनीवरच्या बिघाडाचा धक्का बसताच गुंडाळ्यांमधील रोधन फाटते. झिजलेला कागद जागेवर बदलता येत नाही. म्हणजे रोहित्राचे आयुष्य हे त्या कागदाचेच आयुष्य असते. दुसरी गोष्ट, विद्युतरोधन क्षमता घटते. तिसरी, भार वाढून गुंडाळी तापली की ओल्या कागदातील पाण्याची वाफ होऊन तेलात बुडबुडे सुटतात. कागदात दोन टक्के ओलावा असल्यास सुमारे १४० अंश सेल्सिअसला हा धोका उद्भवतो. कागद कोरडा असेल तर ही मर्यादा बरीच वर सरकते. ज्या उन्हाळ्यात रोहित्रावर जास्तीचा भार टाकण्याची वेळ येते, नेमके तेव्हाच ओले रोहित्र तो पेलू शकत नाही.

ओलाव्याकडे दुर्लक्ष झाले की काय होऊ शकते, हे लंडनने २०२५ मध्ये पाहिले. २० मार्चच्या रात्री शहराच्या पश्चिमेकडील नॉर्थ हाइड येथील २७५ किलोव्होल्ट उपकेंद्रात रोहित्राला आग लागली. त्यामुळे हीथ्रो विमानतळ दुसऱ्या दिवशी बहुतांश काळ बंद राहिला आणि १,३०० हून अधिक उड्डाणे विस्कळीत झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय ऊर्जा प्रणाली संचालकाच्या जुलै २०२५ मधील अहवालानुसार, रोहित्राच्या बुशिंगमध्ये शिरलेला ओलावा हे बिघाडाचे सर्वाधिक संभाव्य कारण होते. त्या बुशिंगच्या तेलात ओलाव्याचे वाढलेले प्रमाण जुलै २०१८ मध्येच नोंदले गेले होते. त्यावर पुढे कारवाई झाली नाही. ते रोहित्र वापरातले होते, साठवणुकीतले नव्हते. पण ओलाव्याची खूण वेळेत दिसूनही ती नोंदीपुरतीच उरली, तर काय घडते याचे हे उदाहरण साठवणुकीलाही लागू पडते.

रोहित्र तेलाविना का पाठवतात?

४०० किलोव्होल्ट वर्गातील मोठ्या रोहित्राचे वजन तेलाशिवायही दीडशे टनांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. अनेक आसांच्या हायड्रॉलिक ट्रेलरवरून ते पूल, घाट आणि अरुंद वळणे पार करत येते. त्यात तेलाची भर नको म्हणून टाकी रिकामी करतात. मात्र रिकामी म्हणजे साध्या हवेने भरलेली नव्हे. टाकीत कोरडी हवा किंवा कोरडा नायट्रोजन भरून दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला जातो. सहसा तो प्रति चौरस सेंटिमीटर ०.१५ ते ०.३ किलो असतो. सोबत वायूचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि प्रेशर गेज जोडलेले असते. तत्त्व सोपे आहे. आतला दाब जास्त असेल तर गळती झाली तरी वायू बाहेर जाईल, बाहेरची दमट हवा आत येणार नाही.

ही व्यवस्था प्रवासासाठी आणि त्यानंतरच्या थोड्या मुदतीसाठी आहे. ही मुदत साधारण तीन महिने, काही उत्पादकांच्या बाबतीत सहा महिने असते. त्यापुढे थांबायचे असेल तर निर्वात करून तेल भरा, अशी सूचना उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. प्रत्यक्षात हीच सूचना सर्वांत आधी पुढे ढकलली जाते.

गेजवरचा आकडा काय सांगतो?

वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. दुपारी ४० अंशांना गेजवर ०.२० दिसत असेल, तर पहाटे २० अंशांना, कोणतीही गळती नसताना, तो ०.१२ च्या आसपास उतरलेला दिसायला हवा. म्हणून ज्या नोंदवहीत महिनाभर सकाळ-संध्याकाळ ‘०.२०’ हाच आकडा लिहिलेला आहे, ती नोंदवही रोहित्राविषयी काहीच सांगत नाही. गेज अडकले आहे किंवा ते कोणी वाचलेलेच नाही, एवढेच तिच्यावरून कळते. नोंदीत दाबासोबत वेळ आणि तापमान असले तरच तिला अर्थ असतो.

दाब शून्यावर आला की टाकी श्वास घेऊ लागते. दिवसा उन्हाने तापलेली टाकी वायू बाहेर टाकते आणि रात्री थंड होताना बाहेरची हवा आत ओढते. पावसाळ्यात हे अधिक घातक असते. तापलेल्या टाकीवर अचानक सर कोसळली की आतला वायू आकसतो. गास्केट सैल असेल तर झाकणाच्या कडेला साचलेले पाणीच आत खेचले जाते. कोकणात किंवा मुंबई-ठाणे परिसरात जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. तिथे गळक्या टाकीने असे चार महिने काढणे म्हणजे कारखान्यातील वाळवणीवर अक्षरशः पाणी फिरवणे होय.

दाब टिकून असला तरी आत कोरडे आहे याची खात्री दवबिंदूच्या मोजणीने होते. वायूतील बाष्पाचे दव कोणत्या तापमानाला पडेल ते उपकरण सांगते. बंद टाकीतला वायू काही काळाने कागदाशी समतोल साधतो, त्यामुळे वायूचा दवबिंदू आणि कागदाचे तापमान यांवरून कागदाच्या पृष्ठभागावरील ओलाव्याचा अंदाज तक्त्यातून काढता येतो. दवबिंदू शून्याखाली जितका खोल, तितका कागद कोरडा. इथे दोन खबरदाऱ्या हव्यात. ताजा वायू भरल्यानंतर लगेच मोजणी केली, तर ती सिलिंडरमधील वायूची मोजणी ठरते. म्हणून साधारण २४ तास थांबावे लागते. दुसरे म्हणजे, कागदाचे तापमान न लिहिता नुसता दवबिंदू लिहिला, तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

साठवणुकीचे महिने वाढतात कसे?

कारण क्वचितच तांत्रिक असते. रोहित्राची मागणी आधी नोंदवावी लागते, कारण ते बनायला सर्वाधिक वेळ लागतो. दरम्यान उपकेंद्राची जमीन, मनोऱ्यांसाठीची वाट, वनखात्याची मंजुरी आणि पायाचे काम आपापल्या गतीने चालते. त्यात अनेक करारांत देयकाचा मोठा हिस्सा माल पोहोचण्याशी जोडलेला असतो. कारखान्यालाही तयार यंत्र अंगणात अडकवून ठेवायचे नसते. परिणामी पाया तयार नसतानाही रोहित्र रवाना होते. ते येते तेव्हा उत्पादकाची जबाबदारी संपत आलेली असते, कंत्राटदाराची नीट सुरू झालेली नसते आणि पारेषण कंपनीने यंत्र अजून ताब्यात घेतलेले नसते. तीन धन्यांच्या या गुराला चारा कोण घालणार, हा प्रश्न उरतोच. पुढे चाचणीत ओलावा निघाला की तो कोणाच्या काळात शिरला, यावर पत्रव्यवहार सुरू होतो.

ओले रोहित्र जागेवर वाळवता येते. गरम तेल फिरवणे, टाकी निर्वात करणे, पुन्हा गरम करणे अशी आवर्तने करावी लागतात आणि त्यात आठवडे जातात. पण जाड पुठ्ठ्यात खोल मुरलेले पाणी उपकेंद्राच्या आवारात पूर्ण काढणे अवघड असते. कारखान्यातल्या भट्टीची सर त्याला येत नाही.

तेल भरून ठेवणे हाच उपाय का?

दीर्घ साठवणुकीसाठी बहुतांश वेळा होय. निर्वात टाकीत कोरडे तेल भरले की ते कागदात मुरते आणि ओलावा शिरण्याचा वेग खूप मंदावतो. वरची कॉन्झर्व्हेटर टाकी आणि सिलिका जेलचा ब्रीदर बसवला की आत जाणारी हवा कोरडी होऊन जाते. अर्थात जेलवरही लक्ष हवे. निळे जेल गुलाबी झाले की ते संपले. निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्ट क्लोराइड आरोग्यास घातक असल्याने आता नारिंगी जेलचा वापर वाढला आहे. रोहित्र चालू नाही म्हणून ब्रीदरकडे कोणी फिरकत नाही, हा नेहमीचा अनुभव. टाकी मात्र उन्हापावसाने श्वास घेतच असते.

या उपायाला आक्षेपही आहेत आणि ते निराधार नाहीत. तेल महाग आहे. ते भरायला निर्वात पंप आणि शुद्धीकरण संच आधीच जागेवर हवा. आवारात तेलचोरीची भीती असते, शिवाय आगीची आणि गळतीची जबाबदारी वाढते. राखीव रोहित्र दुसऱ्या उपकेंद्रात न्यायचे झाले तर तेल पुन्हा काढावे लागते आणि संकटकाळात तेच दिवस मोलाचे असतात. म्हणून सरसकट एकच नियम योग्य ठरणार नाही. कायमच्या जागी थांबलेले रोहित्र मुदत संपताच तेलाने भरावे. हलवण्यासाठीच ठेवलेले राखीव रोहित्र वायूखाली ठेवायचे असेल, तर आपोआप दाब भरणारी व्यवस्था आणि ठरावीक मुदतीने दवबिंदूची मोजणी ही सक्तीची अट असावी. काही ठिकाणी राखीव संच जोडून विजेखाली ठेवतात. त्यात थोडी ऊर्जा खर्च होते, पण यंत्र उबदार व कोरडे राहते आणि त्याच्या प्रकृतीची रोज परीक्षा होते.

टाकीखेरीज काय सांभाळायचे?

बुशिंग वेगळ्या पेट्यांत येतात. तेल-कागदाच्या बुशिंगचे वरचे टोक उंच राहील अशा बेताने ती तिरकी किंवा उभी ठेवावी लागतात. राळयुक्त कागदाच्या बुशिंगचा टाकीत जाणारा भाग ओलावा ओढतो, म्हणून त्यावरचे संरक्षक आवरण बसवण्याच्या दिवसापर्यंत काढायचे नसते. ताडपत्रीखाली कुजलेली लाकडी पेटी आणि फाटलेले आवरण दिसले, तर टॅन डेल्टा चाचणी करून कारखान्यातील आकड्यांशी तुलना केल्याशिवाय ते बुशिंग बसवणे धोक्याचे आहे. नियंत्रण पेट्यांमधील हीटरला साठवणुकीतही वीज लागते. ती न दिल्याने आतली जोडणी गंजते. रोहित्र मातीवर न ठेवता पाण्याचा निचरा होणाऱ्या भक्कम ओट्यावर ठेवावे आणि त्याची उंची पूररेषा पाहून ठरवावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडने जे पाहिले, त्यानंतर ‘इथे पाणी येत नाही’ हे गृहीत धरता येणार नाही.

यात माणसांना धोका कोणता?

नायट्रोजन विषारी नाही, म्हणूनच तो फसवा आहे. त्याला रंग नाही, वास नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. शुद्ध नायट्रोजनमध्ये एक-दोन श्वास घेतले तरी माणूस बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला धावणाराही तसाच कोसळतो. तपासणीसाठी टाकीत उतरण्यापूर्वी नायट्रोजन काढून कोरडी हवा खेळवणे, प्राणवायू किमान १९.५ टक्के असल्याचे मोजणे आणि बाहेर एक जण उभा ठेवणे अनिवार्य आहे. कंत्राटी, बदलत्या कामगारांच्या हाती हे काम असते, तेव्हा टाकीवर मराठी-हिंदीत ठळक इशारा आणि मनुष्यछिद्राला कुलूप हवेच. शक्य तिथे नायट्रोजनऐवजी कोरडी हवाच वापरली तर हा धोका मुळातच टळतो. त्यासाठीचा थोडा जादा खर्च जिवापुढे मोठा नाही.

राखीव रोहित्रांचे मोल का वाढले?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ मधील अहवालानुसार मोठे रोहित्र मिळण्यास चार वर्षांपर्यंत कालावधी लागू शकतो आणि २०१९ पासून त्यांच्या किमती सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या आहेत. अशा काळात हाताशी असलेला राखीव संच हाच विमा ठरतो. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्रावर गोळीबार होऊन १७ रोहित्रे निकामी झाली. त्यानंतर अमेरिकेत राखीव साठ्याची चर्चा ऐरणीवर आली. त्याआधी २०१२ मध्ये तिथे सहज हलवता येणारी तीन राखीव रोहित्रे सेंट लुईसहून ह्यूस्टनला नेऊन आठवड्याच्या आत कार्यान्वित करण्याचा प्रयोग झाला होता. अशी घाई तेव्हाच शक्य असते, जेव्हा यंत्र कोरडे असल्याची खात्री आधीपासून असते. संकटाच्या दिवशी दवबिंदू मोजून ‘आधी महिनाभर वाळवावे लागेल’ असे कळले, तर तो राखीव संच फक्त ताळेबंदातच राखीव असतो.

मग बदलायला काय हवे?

पहिले, पाया तयार असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय रोहित्र कारखान्यातून निघू नये आणि देयकाची रचना त्याला पूरक असावी. पोहोचीइतकेच पैसे कोरड्या अवस्थेतील जोडणीला असतील, तर घाई आपोआप कमी होईल. दुसरे, रोहित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दाब, तापमान आणि दवबिंदूची संयुक्त नोंद सह्यांसह व्हावी. ती नसेल तर पुढच्याने ताबा घेऊ नये. तिसरे, साठवणुकीची मुदत पावसाळ्याच्या तारखेशी बांधावी. मेअखेरपर्यंत जे जोडले जाणार नाही, ते तेलाने भरावे किंवा स्वयंचलित वायुपुरवठ्याखाली आणावे. चौथे, दाबाचा संवेदक बसवून मोबाइलवर इशारा मिळण्याची सोय रोहित्राच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्चाची आहे. ती निविदेतच असावी.

पाचवी गोष्ट नियामकांच्या हाती आहे. राखीव रोहित्राचा खर्च अखेर ग्राहकाच्या वीजदरातून वसूल होतो. तेव्हा महाराष्ट्र वीज नियामक आयोगासारख्या संस्थांनी त्याच्या देखभालीचा खर्च मोकळ्या हाताने मान्य करावा, पण त्याबदल्यात दरवर्षीचा चाचणी अहवालही मागावा. ज्या संचाचा वर्षभरातला ओलाव्याचा अहवाल नाही, तो राखीव म्हणून मोजू नये. या अटीने कागदपत्रे वाढतील, हे खरे. पण आज जी कागदपत्रे आहेत, त्यांत यंत्राची किंमत, वजन आणि पोहोचल्याची तारीख सापडते. ते कोरडे आहे की नाही, हे बहुधा वीज जोडायची वेळ आल्यावरच कळते. तोवर दुरुस्तीची स्वस्त वेळ निघून गेलेली असते.